नानांचा भाडेकरू

रामघाट, वाराणसी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. कस्तुरी,

आज पहाटे मला जाग आली ती नानांच्या ढेकरेने. घाबरू नकोस. माझे वडील जाऊन साठ वर्षं होत आली, पण अर्धवट झोपेत तो आवाज अजून येतो. आधी जिन्यावर खडावा, मग ओसरीत क्षणभर शांतता, आणि मग विहिरीतून वर यावी तशी एक लांबलचक, तीन कडव्यांची ढेकर. समोरच्या काकू आपल्या सुनेला म्हणायच्या, "मास्तर उठले, दूध तापत ठेव." नाना मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मराठी शाळेत शिकवत. ढेकर झाली की ते आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि माझ्या बहिणीला, तुझ्या आजीला, इंदूला, क्रमिक पुस्तकातली कविता म्हणायला बसवत. त्यामुळे कुणी कविता सुरू केली की आजही माझं पोट आधी गुडगुडतं.

आमच्या घराण्यालाच पित्त, असं आम्ही धरून चाललो होतो. पण या थंडीत चार घासांतच पोट भरू लागलं, आणि वर आग. आमचे ढुंढिराज, इथल्या वेदपाठशाळेतले गुरुजी आणि माझे लहानपणापासूनचे मित्र, म्हणाले, "वेणीमाधवा, तू मलइयोसारखी मिठाई नको म्हणालास, म्हणजे आजार खरा आहे." आणि दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालतात. भीती वाटू नये म्हणून मी झऱ्याची कविता म्हणत होतो. डॉक्टर म्हणाला, "मास्टरजी, दो मिनट झरना रोकिए." मी थांबवला.

निघालं काय, तर पोटात जंतू. हेलिकोबॅक्टर पायलोरी. नाव सांगताना डॉक्टरही एकदा अडखळला. इंदू मागे म्हणाली होती की तू पुण्यात याच किड्याच्या मागे लागली आहेस. मग सांग, हा माझ्या पोटात दिवसभर करतो तरी काय? रिपोर्टाची झेरॉक्स सोबत आहे. दोन आठवड्यांची औषधं सुरू झाली आहेत.

आणि फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी रचतो. पत्र लिही.

तुझा,
वेणूआजोबा

•

पुणे
२१ फेब्रुवारी

वेणूआजोबा, नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळे शुद्धलेखनाला लाल पेन लावू नका.

तो किडा नाही, जीवाणू आहे. तो काय करतो, यावर मी गेली चार वर्षं घालवली आहेत, म्हणून थोडक्यात सांगणं अवघड जातं. पोटाला आतून अस्तर असतं. त्यातल्या पेशी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या असतात, म्हणून आपलंच आम्ल आपल्याला जाळत नाही. हा त्या अस्तराला चिकटतो आणि सुईसारख्या एका नळीतून स्वतःचं प्रथिन थेट पेशीच्या आत सोडतो. त्याचं नाव कॅग-ए. ते आत गेलं की पेशीतले निरोप बिघडतात. ती शेजारणीचा हात सोडते, गोलसर असते ती लांबट होते, नको तेव्हा वाढू लागते. मी बशीत पोटाच्या पेशी वाढवून त्यांना हे प्रथिन देते. सकाळी मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका संध्याकाळी पांगून चोची काढून बसतात. आणखी एक प्रथिन आहे, वॅक-ए. ते पेशीत पोकळ्या करतं, जाळीदार पोळीसारख्या.

सगळ्या जीवाणूंकडे कॅग-ए नसतं, पण आपल्याकडच्या बहुतेकांकडे असतं.

तुमचा रिपोर्ट मी नीट वाचला. काही जागी जठराचं अस्तर आतड्याच्या अस्तरासारखं दिसायला लागलंय. हा कर्करोग नाही. पण ही त्या दिशेने उतरणाऱ्या जिन्याची पायरी आहे आणि आपल्याला इथेच थांबायचंय. म्हणून औषधाची एकही वेळ चुकवू नका. बरं वाटलं तरी सोडू नका. ही माझी एकच अट.

आजी म्हणते, "त्याला सांग, औषध घेताना कविता करू नको."

कस्तुरी

•

रामघाट
१० मार्च

प्रिय कस्तुरी,

औषध संपलं. एकही वेळ चुकली नाही. तुझ्या आजीचा निरोप मात्र पाळता आला नाही:

भाडेकरू पोटातल्या,
आवर तुझे गाठोडे;
अन्न माझे, घर माझे,
वर दारास हातोडे?

तुझं पत्र मी ढुंढिराजांना वाचून दाखवलं. तो सुईचा भाग ऐकून ते म्हणाले, "म्हणजे प्रक्षिप्त." कुणीतरी ग्रंथात आपली ओळ घुसडून द्यावी, नकलणाऱ्याला कळू नये, आणि पुढचा सगळा अर्थ भलतीकडे जावा, तसंच की नाही हे? पाठशाळेत मुलं एकेक ऋचा उलटी, सुलटी, गुंफून म्हणतात ती याचसाठी, बाहेरचा एक स्वरही आत शिरू नये म्हणून. पेशींना असा पाठ कुणी शिकवला नाही, त्याला कोण काय करणार.

औषध मी अगदी आपल्या रीतीने, मधाबरोबर घेतलं. जळजळ थोडी आहे, पण ती शिवरात्रीच्या ठंडाईची असेल. घाटावर ऊन चढायला लागलंय. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो की वाटतं, शाळेची घंटा होईल आणि नाना हातात खडू घेऊन वरून हाक मारतील.

महिन्याभराने पिशवीत फुंकायची तपासणी आहे. कळवतो.

वेणूआजोबा

•

पुणे
२९ एप्रिल

वेणूआजोबा,

तुमचं कार्ड पोचलं. "फुंकलो, नापास झालो." मी लॅबमध्ये वाचलं आणि सगळ्यांसमोर हसले, मग बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले.

अजून आहे म्हणजे काय, ते सांगते. एकही वेळ न चुकवता औषध घेऊन हा राहिला असेल, तर तो औषधांना पुरून उरणारा आहे. हल्ली असे बरेच सापडतात. माझ्या गाईड निवेदिता मॅडम म्हणाल्या, चिवट जात दिसते. मला जरा अभिमानच वाटला, काय करणार, चार वर्षं यांच्याशीच गप्पा मारतेय. आता डॉक्टर चार औषधांचा दुसरा कोर्स देतील. तो जड असतो, तोंड कडू होतं, पण तो घ्यायचाच.

एक गंमत. हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच येतो, आणि घरातूनच. आईवडिलांच्या तोंडून, एका ताटात जेवण्यातून. मग जन्मभर तिथेच राहतो. लोकांच्या पोटातल्या जाती बघून त्यांचे पूर्वज कुठून कुठे गेले हेसुद्धा काढतात. तुमचा तर काशीतला चांगला मुरलेला असणार. तुम्हाला कुणी आपल्या ताटातलं भरवायचं का? मग तुमच्या घराण्याचं पित्त कुठून आलं ते कळलं म्हणायचं.

दुसरा कोर्स कधी सुरू करताय?

कस्तुरी

•

रामघाट
९ मे

प्रिय कस्तुरी,

करत नाही.

रागावू नकोस, ऐक. नाना जेवत तेव्हा आम्ही दोघं समोर बसून असायचो. आमची जेवणं झालेली असायची, पण उठायचं नाही. शेवटी ते वरणभाताचा एक घास कालवत, त्यावर लिंबाची फोड पिळत, एक दिवस तो इंदूचा, एक दिवस माझा. तो त्यांच्या बोटांतून थेट तोंडात. आईचं मत होतं, शेवटचा घास बापाच्या ताटातला खाल्ला की मूल शहाणं होतं. इंदू आपली पाळी सोडून माझ्याही पाळीला तोंड उघडायची.

तू लिहिलंस ते वाचून मी दोन दिवस गच्चीवर बसून होतो. माकडांनी वाळत घातलेला पंचा नेला, तरी उठलो नाही. नानांचं या घरात काय उरलंय सांग? चष्मा फुटला. पुस्तकांना वाळवी लागली. शाळेच्या जागी साड्यांचं गोदाम आहे. आणि आज माझी नात कळवते की नानांनी भरवलेलं काहीतरी माझ्यात अजून जिवंत आहे, हलतंय, जेवतंय. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्याला आता कुठे हाकलू? काशीत भाडेकरू कुणी काढलाय? तीन पिढ्या खटला चालतो आणि शेवटी घरमालक त्याच्याकडेच चहा प्यायला जातो.

आणि औषधांत कसूर झाली असं मनात आणू नकोस. ढुंढिराजांनी आधीच सावध केलं होतं की कॅप्सुलीचं टरफल जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आपल्याला ते कसं चालेल? म्हणून मी एकूण एक कॅप्सूल उघडली. आतले बारीक दाणे आईच्या खलात घोटले, मधात चाटले, टरफलं गंगार्पण. वैद्यांच्या मात्रेसारखं. दाणा वाया जाऊ दिला नाही. इतकं मनापासून घेऊनही तो राहिला, याचा अर्थ त्याला राहायचं आहे.

आंबे आले आहेत. लंगडा अजून आंबट आहे.

तुझाच,
वेणूआजोबा

•

पुणे
१८ मे

आजोबा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खलाच्या ओळीपाशी दर वेळी थांबले. मग मॅडमना दाखवलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "चिवट जात म्हणे."

ते दाणे घोटायचे नसतात. प्रत्येक दाण्याला एक लेप असतो, पोटातल्या आम्लातून तो सुखरूप पुढे आतड्यात जावा म्हणून. तिथे तो रक्तात मिसळतो आणि मग पोटातलं आम्ल कमी करतो. तुम्ही लेप फोडलात, तेव्हा पोटाने पहिल्या मिनिटात त्या औषधाचा चट्टामट्टा केला. आम्ल तसंच राहिलं, आणि तशा आम्लात बाकीच्या औषधांचा जोर चालत नाही. तुम्ही दोन आठवडे रोज नेमाने, शुचिर्भूत होऊन, औषध बिनकामाचं करत होतात. तुमचा भाडेकरू शूर वगैरे नाही. त्याच्या दारात पोलीस पोचलेच नाहीत.

डॉक्टरांना एक शब्द विचारायचात. हेच औषध साध्या गोळीत मिळतं. वनस्पतीच्या टरफलाच्या कॅप्सुलीही असतात. ढुंढिराजगुरुजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, हाडांचं खरं होतं, पण पुढचं मला विचारायला हवं होतं.

आता आजी. तुमचं पत्र ऐकून ती ताटातल्या घासावर इतकं बोलली की आईने कुकरच्या चार शिट्ट्या जास्त होऊ दिल्या. मला शंका आली, तिचीही तपासणी करवली. तिच्यातही आहे. गोळ्या आणून दिल्या तर म्हणते, "वेण्याच्या पाळीचा घास मी खाल्ला, आता गोळी त्याने आधी खावी." दोघंही ऐंशीच्या घरात, दोघंही हट्टी, आणि मी मधे.

एक विचारायचं राहिलं. नाना कशाने गेले? आजी एवढंच म्हणते, "पोटाने."

कस्तुरी

•

रामघाट
३० मे

कस्तुरी,

खलाबद्दल ढुंढिराजांना सांगितलं. ते म्हणाले, "लेपाचं शास्त्र आमच्यात नव्हतं." आणि आपल्या घरातली एक बाटली उचलून तिच्यावर काय लिहिलंय ते भिंग लावून वाचत बसले. बाटली गुलाबपाण्याची होती.

नानांचं विचारलंस. ते एक्कावन्नाव्या वर्षी गेले. तेव्हा मी इंटरला होतो. आधी ढेकर बंद झाली. आम्हाला वाटलं पित्त उतरलं, आईने सत्यनारायण घातला. मग दोन घासांतच पोट भरायला लागलं. शर्ट सैल झाले. वैद्यांनी पोटावर हात ठेवला, वरच्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी लागत होतं. ते गुल्म म्हणाले. शेवटी पाणीसुद्धा परत यायचं. इंदू त्यांच्या उशाशी बसून चमच्याने सरबत देई, आणि ते कविता सांगत, ती लिहून घेई. बरेचदा ओळ अर्धी राहायची. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. गुडघे गेल्यापासून तर ती दुसरा मजलाही चढत नाही, काशी कुठली.

पण ते जाऊ दे. सुंदर माणूस होता. सरबत देणाऱ्या पोरीलासुद्धा म्हणाला, "मात्रा चुकली, पुन्हा म्हण."

वेणूआजोबा

•

पुणे
७ जून

आजोबा,

कसं लिहावं कळत नव्हतं. साठ वर्षांपूर्वीचं कुणी खात्रीने सांगू शकत नाही, मीही नाही. पण तुम्ही जे लिहिलंत, ते मी पुस्तकात वाचलेलं आहे. त्याच क्रमाने.

तुम्ही ज्याला नानांची आठवण म्हणून ठेवून घेताय, त्यानेच बहुधा नानांना नेलं. तुमच्या अस्तरात तो त्याच जिन्याने उतरतोय. तुम्ही अजून वरच्या पायऱ्यांवर आहात, म्हणून हातापाया पडते.

आजीला मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्या उशाशी ती बसली होती. तिला तुम्हीच सांगा.

कस्तुरी

•

रामघाट
२ जुलै

प्रिय कस्तुरी,

उत्तराला उशीर झाला. टपालाला बोल लावू नकोस, मीच लिहीत नव्हतो.

तुझ्या पत्रानंतर काही दिवस जेवण गोड लागलं नाही. घराण्याला पित्त, म्हणून आम्ही किती हसलो असू. त्या ढेकरेवर तर मी शाळेत विडंबन लिहिलं होतं आणि नानांनी त्यातला यतिभंग दुरुस्त करून दिला होता. तो माणूस आतून जळत होता आणि आम्ही त्यावर दूध तापवत होतो. त्यांनी भरवलं ते प्रेमाने. त्यांनाही कुणीतरी तसंच भरवलं असेल. यात रागवायचं कुणावर, हे मला सापडलं नाही. किड्यावरही नीट रागवता येत नाही. क्षमस्व, जीवाणूवर.

डॉक्टरकडे गेलो. ढुंढिराज बरोबर आले आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "डॉक्टर साहब, इसमें हड्डी तो नहीं है?" डॉक्टरने सगळं गोळ्यांत लिहून दिलं. गंगा चढू लागली आहे, पायऱ्या एकेक करून पाण्याखाली चालल्या आहेत, त्यामुळे आता घाटावरून जाणं बंद, गलीतूनच यावं लागतं. येताना पाकीट छातीशी धरून आणलं.

ते देव्हाऱ्यापाशी ठेवलं आहे. उघडलेलं नाही. तुला खोटं लिहिणार नाही. रोज सकाळी पेला भरतो, पाकीट हातात घेतो आणि म्हणतो, आज एकादशी आहे, आज मंगळवार आहे, आज पोट बरं आहे. कळतं सगळं. त्यांनी भरवलेला घास मी स्वतःच्या हाताने बाहेर काढायचा, समोर कुणी बसलेलं नाही, आणि मग या घरात मी एकटा. तू म्हणशील, म्हातारा पुन्हा कवितेत शिरला. शिरलो खरा.

इंदूला मी कार्ड लिहिलं. फक्त चार ओळी: नाना कशाने गेले असावेत ते, आपल्या दोघांत तेच आहे ते, आणि मी गोळ्या आणल्या आहेत पण घेववत नाहीत हे. उत्तर नाही. वाईट वाटलं असेल. रडत असली तर तिच्याजवळ बस.

थांब. कुणीतरी कडी वाजवतंय. दूधवाला येऊन गेला आणि ढुंढिराज कडी वाजवत नाहीत, ऋचा म्हणत आत येतात. बघून येतो.

कस्तुरी, आता घाईत लिहितोय, अक्षर लावून घे. दारात काठी टेकून एक म्हातारी उभी, मागे यात्रा कंपनीचा माणूस घामाघूम, हातात तिची पिशवी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलास रे. तुझी गली अजून तशीच वाकडी आहे, तीनदा गाय आडवी आली." मी म्हटलं, "इंदू, तुझे गुडघे?" ती म्हणाली, "गुडघे पुण्याला ठेवून आले. कस्तुरीला वाटतंय मी भजनी मंडळाबरोबर अष्टविनायकाला गेले आहे, तेव्हा तिला सावकाश कळव." मग उंबऱ्यातच बसली, कनवटीतून आपलं पाकीट काढलं, एक गोळी स्वतःच्या तळहातावर ठेवली आणि दुसरा हात माझ्यापुढे रिकामा पसरला.

"तुझी गोळी आण, वेण्या. आणि पाणी दोघांना पुरेल एवढं आण."